हेवा नाही, फक्त डिस्क ब्रेक

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. सकाळी ११.

नवी रोजनिशी. निश्चय: रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं, शुद्ध मराठीत लिहायचं. वऱ्हाडी घरात आणि बाजारात. रागात लिहिताना येऊ शकते, पण राग यावा असं सध्या काही नाही.

आजची राइड दारव्हा ते लाडखेड आणि परत. आमच्या सायकल ग्रुपचे नऊ जण. त्यात माझी मुलगी स्पृहा, अकरावी सायन्स, दिवाळीपासून यायला लागली. आणि अश्वजित. अश्वजित माझ्याच ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. त्याला तीन वर्षं झाली. मी फिजिक्स, बावीस वर्षं. त्यानं दिवाळीत नवी रोड बाइक घेतली. काळी. डिस्क ब्रेकवाली.

लाडखेडच्या अलीकडं रस्त्यावर शेळ्या आल्या. अश्वजित थांबला. आवाज नाही, काही नाही, थांबला. मीही थांबलो. फक्त मी शेळ्यांच्या पलीकडं थांबलो. एक शेळी हँडलला अडकली होती, ती सुखरूप आहे.

स्पृहा म्हणाली, अश्वजित सरांची सायकल थांबताना आवाजच करत नाही. सगळ्यांसमोर म्हणाली.

माझ्या सायकलला रिम ब्रेक आहेत. रबराचे दोन गुटके चाकाच्या कडेला दोन्हीकडून दाबतात. अकरा वर्षं दाबून राहिले आहेत, तक्रार नाही. आवाज होतो, पण तो सुरक्षेसाठीच. समोरचा ऐकतो आणि बाजूला होतो. डिस्कमध्ये काय, चाकाच्या मधोमध एक चकती असते, ती धरली जाते. ताटली आहे ती. ताटलीचं एवढं कौतुक कायले?

सकाळी दव पडलं होतं, हेही नोंदवून ठेवतो.

सोमवार, ३ नोव्हेंबर.

सुट्या संपल्या, कॉलेज सुरू. स्पृहा घरी आल्यापासून जेवणापर्यंत "अश्वजित सर" किती वेळा म्हणाली ते मोजलं. सात. दोन केमिस्ट्रीचे होते, ते सोडून देऊ. पाच सायकलचे.

मला हेवा वाटत नाही. इथं एकदा स्पष्ट लिहून ठेवतो म्हणजे परत परत लिहावं लागणार नाही. मुलगा चांगला आहे. नम्र आहे. मला श्रीकृष्ण सर म्हणतो, चढावर माझ्यासाठी थांबतो. थांबतो तेच खटकते. कोणी सांगितलं त्याले थांबायले?

गुरुवार, ६ नोव्हेंबर.

रोज लिहायचं होतं. दोन दिवस राहिले. पेपर तपासत होतो. (तपासायचे आहेत.)

आजचा आकडा नऊ. त्यातला एक माझ्या बायकोचा. कुंदा म्हणाली, अश्वजित सरांनी सायकल किती स्वच्छ ठेवली आहे, नाही तर आपली पाहा, तारेवर वाळत घातलेल्या फडक्यासारखी दिसते. आता कुंदाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर.

भगवानरावांचा ग्रुपवर मेसेज. भगवानराव म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, ग्रुपचे सगळ्यात मोठे. गुडघ्यांमुळं आता सायकल चालवत नाहीत, राइडच्या मागं व्हॅन घेऊन येतात. १४ डिसेंबरला पुसद. दारव्हा, दिग्रस, पुसद, साठेक किलोमीटर. दिग्रसच्या पुढं घाट उतरायचा.

आमच्यात घाटाचा नियम जुना आहे. नवा माणूस घाट एकटा उतरत नाही. तो एका जुन्या माणसाचं चाक धरतो. म्हणजे त्याच्या मागच्या चाकावर नजर ठेवायची, तो ब्रेक मारेल तिथं मारायचा, तो सोडेल तिथं सोडायचा. कोणाचं चाक धरायचं ते नव्यानं स्वतः ठरवून भगवानरावांना सांगायचं. ते कागदावर लिहून ठेवतात. पोस्टातली सवय.

या घाटात आजवर चौदा जणांनी माझं चाक धरलं. एकही पडला नाही. एक पडला, पण तो खाली पोचल्यावर, चहाच्या टपरीसमोर.

यंदा नव्यांत स्पृहा आहे. तिनं कोणाचं चाक धरावं हा प्रश्नच नाही. मुलगी माझी आहे.

प्रश्नच नाही, मग दुपारपासून तेच डोक्यात का फिरून राह्यलं, कळत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर. पहाटे ५.३०.

निश्चय झाला. माझ्या सायकलला डिस्क ब्रेक बसवायचे. १४ डिसेंबरच्या आत. आधी मागचं चाक, पुढचं दुसऱ्या टप्प्यात. नवी सायकल घेणं म्हणजे कोणाची नक्कल करणं. मी नक्कल करत नाही, मी सुधारणा करतो. शिवाय घर्षण हा माझा धडा आहे. बावीस वर्षं शिकवतो. केमिस्ट्रीवाल्याला त्यात काय कळणार?

त्याच दिवशी, दुपार.

स्टाफरूममध्ये अश्वजितला सहज सांगितलं. तो म्हणाला, सर, रिम ब्रेकच्या फ्रेमवर डिस्क बसत नाही, कॅलिपर लावायला जागाच नसते तिला, फ्रेमच वेगळी येते. तुमचे ब्रेक चांगले आहेत, फक्त गुटके झिजले, मी रविवारी येऊन बदलून देतो.

कॅलिपर म्हणजे चकती धरणारा चिमटा. ते मला माहीत होतं. आणि बाकीचंही माहीत आहे. आपल्यासारखी सायकल दुसऱ्याकडं येऊ नये, असं वाटते त्याले. जळतो बिचारा. मला वाईट वाटलं त्याच्याबद्दल.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

ऑर्डर दिली. डिस्कचं मागचं चाक, चकती, कॅलिपर. सतरा व्हिडिओ पाहिले. सतरापैकी पंधरा जण म्हणतात करू नका. उरलेल्या दोघांपैकी एकाची भाषा कळली नाही, पण हसत होता, म्हणजे जमलं असणार.

आकडा सहा. कमी होत आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर.

राइडला गेलो नाही. सायकल खोललेली आहे. मागचे जुने ब्रेक काढले आणि लगेच भंगारवाल्याला देऊन टाकले. परतीचा रस्ता ठेवला की माणूस परत येतो.

स्पृहा एकटीच गेली. बोरीअरबपर्यंत जाऊन आली. आल्यावर सांगत होती की अश्वजित सरांनी तिला वाऱ्यात मागं कसं राहायचं ते शिकवलं. ते मी शिकवणार होतो. पुढच्या रविवारी शिकवणार होतो.

आकडा चौदा. एका दिवसात चौदा.

गुरुवार, २० नोव्हेंबर.

पार्सल आलं. चाक सुंदर आहे. चकतीत तोंड दिसते.

बसत नाही. माझ्या फ्रेमच्या मागच्या दोन दांड्यांमधली जागा एकशे तीस मिलिमीटर, चाक एकशे पस्तीसचं. पाच मिलिमीटरचा प्रश्न. पाच मिलिमीटर म्हणजे काय, तांदळाचा दाणा. कुंदानं विचारलं, हे आधी मोजलं नव्हतं काय. मोजणं आणि अंदाज यातला फरक बीएस्सीला गेल्याशिवाय कळत नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर.

धरमसिंगकडं गेलतो. बाजाराच्या मागं त्याचं वेल्डिंगचं दुकान. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. आख्ख्या तालुक्याचा कापूस त्याच्या ट्रॉल्यांतून जातो. वीस क्विंटलची ट्रॉली ज्याच्या हातची उतारावर थांबते, त्याला सायकल म्हणजे काय? शहरातले मेकॅनिक या गोष्टीत कमी पडतात. त्यांनी कधी वजन पाहिलेलंच नसते.

धरमसिंगनं फ्रेमवर बोटानं टिचकी मारली. म्हणाला, सर, हे तं जर्मन हाय (म्हणजे ॲल्युमिनियम), आपल्या पातेल्याचं असते ते. याले माह्यं वेल्डिंग धरत नाही. कॅलिपरसाठी वेल्ड करण्याऐवजी पट्टा बनवून देतो, नटबोल्टानं आवळू.

दांड्या फाकवायला त्यानं ट्रॉलीचा जॅक लावला. जॅकचा दांडा दोनदा फिरवला. आतून कट् असा आवाज आला. धरमसिंगनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, सेट झाली. धातू नव्या आकाराला बसताना आवाज देतो.

चाक बसलं. बरोबर बसलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर.

पट्टा झाला. ट्रॉलीच्या स्प्रिंगपाटीला लावतात त्या जाडीचा. वजन सव्वा किलो. माझी आख्खी सायकल साडेनऊ. पण ब्रेकच्या बाबतीत वजन म्हणजे विश्वास.

रंग लाल दिला. धरमसिंगकडं लालच होता.

बुधवार, २६ नोव्हेंबर.

आज एक गोष्ट पाहिली. कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये केमिस्ट्री लॅबसमोर स्पृहा आणि अश्वजित बोलत होते. "घाट" शब्द मी स्वतः ऐकला. मी जवळ गेलो तर दोघंही गप्प. स्पृहा म्हणाली, काही नाही बाबा, प्रॅक्टिकलचं. अश्वजित हसला. प्रॅक्टिकलमध्ये घाट कुठून आला?

मी मूर्ख नाही. तिनं त्याचं चाक धरायचं ठरवलं. आणि मला सांगायची तिची हिंमत होत नाही. म्हणून लपून बोलून राह्यले.

सायकल तिला मी शिकवली. सहा वर्षांची होती, शिवाजी चौकातून रेस्ट हाउसपर्यंत सीट धरून मागं धावलो, तीन महिने. तेव्हा कुठं होता हा अश्वजित? बारावीत असन, नाही तं बीएस्सीले. बोलतो का मी काही? नाही बोलत. पण आज रात्री जेवलो नाही. कुंदाला सांगितलं, कँटीनचे तर्रीपोहे बाधले.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर.

शांतपणे विचार केला. मुलीचा दोष नाही. उतारावर माणूस ब्रेक पाहतो. तिनं शेळ्यांच्या वेळी जे पाहिलं त्यावरून ठरवलं. शास्त्रीय विचार केला पोरीनं, माझीच मुलगी आहे. म्हणजे ज्या दिवशी माझी सायकल आवाज न करता जागच्या जागी थांबेल, त्या दिवशी ती मत बदलेल. साधं समीकरण आहे. उरले सोळा दिवस.

मंगळवार, २ डिसेंबर.

ब्रेकची तार जोडली. लिव्हर पूर्ण दाबला, हँडलला टेकेपर्यंत. चाक फिरतच राहिलं. आरामात.

व्हिडिओवाल्याचं म्हणणं असं की रोडच्या लिव्हरनं तार थोडी ओढली जाते आणि मी मागवलेल्या कॅलिपरला जास्त ओढ लागते. त्याला वेगळा कॅलिपर लागतो. मी तसं न करता तारच ताणून बांधली. आता चाक फिरत नाही. थोडी ढिली केली. आता फिरते आणि घासते. एक प्रकारचा आवाज येतो, पक्ष्यासारखा. चालेल. पक्षी चालतात लोकांना.

स्पृहा अंगणात आली. पट्ट्याकडं बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, बाबा, हे कायले करून राह्यले तुम्ही? जुने ब्रेक बरे होते ना.

मी म्हटलं, तुला १४ तारखेला कळेल.

तिला काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं. पण मग "जाऊ द्या" म्हणून आत गेली. काय बोलणार होती ते मला माहीत आहे.

बुधवार, ३ डिसेंबर.

बारावीला आज टॉर्क शिकवला. उत्तम झाला तास. बल जिथं लागते तिथला आधार पक्का नसेल तर वस्तू थांबत नाही, आधारच फिरतो. दाराच्या बिजागरीचं उदाहरण दिलं. मागच्या बाकावरचेही ऐकत होते.

रविवार, ७ डिसेंबर.

हातानं लिहिता येत नाही नीट. उजवा अंगठा सुजला.

चाचणी घेतली. जिनिंगसमोरच्या रस्त्यावर, थोडा उतार आहे तिथं. कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, लोक उभे होते, म्हणून वाटलं, पाहू द्या लोकांना. वेग चांगला घेतला. ब्रेक दाबला.

पहिला एक सेकंद अप्रतिम. मी ते नाकारणार नाही. चकती धरली गेली. मग पट्टा फिरला. दांडीवर गोल फिरला आणि कॅलिपर घेऊन चाकाच्या तारांमध्ये घुसला. चाक जागच्या जागी थांबलं. आवाज न करता. मी नाही थांबलो.

चार-पाच जणांनी उचललं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, सर, पाय टेकून काहून नाही थांबले? दुसरा माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा बाप निघाला. त्यानं पाणी दिलं आणि मुलाच्या निकालाबद्दल बोलत राहिला.

सात तारा तुटल्या. मागच्या दांडीला, जिथं जॅक लावला होता तिथं, केसाएवढी भेग. भेग नव्हे, रेघ म्हणू.

सोमवार, ८ डिसेंबर.

धरमसिंगला जाब विचारायला गेलो. म्हटलं, तुझ्या ट्रॉल्यांचे ब्रेकही असेच फिरतात काय?

तो म्हणाला, "ट्रॉलीले ब्रेक असतेच कुठं, सर? ब्रेक ट्रॅक्टरले असते. मी तं निस्ता हूक आन चेसिस बनवतो."

हे त्यानं आधी सांगायला पाहिजे होतं. मी विचारलं नव्हतं, असं तो म्हणतो. ही सबब झाली. भेग त्यानं पाहिली, बोट फिरवलं, म्हणाला, हिच्यावर बसू नका आता. जर्मन तुटते तं सांगून तुटत नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर.

दिवसभर हिशेब करत होतो की चूक कोणाची. धरमसिंगची काही अंशी. पार्सलवाल्याची काही अंशी. पण मुळात मला या भानगडीत पाडलं कोणी? तो जर साधी सायकल घेता, सगळ्यांसारखी, तर मी कशाला यात पडतो? आपल्या गावात, आपल्या रस्त्यांवर ताटल्या लावून फिरायची गरज काय? देखावा आहे निस्ता. फोकनाड.

हो, मले वाटते हेवा. लिहून टाकतो. इथं कोण वाचते? रोज सकाळी स्टाफरूमच्या खिडकीतून त्याची सायकल दिसते, सावलीत उभी, आणि माह्या छातीत काहीतरी गरम होते. तो हसून गुड मॉर्निंग सर म्हणतो, तेव्हा जास्त होते. सायकलीचं नाही वाटत एवढं. माह्या पोट्टीनं त्याच्याकडं पाहावं, याचं वाटते.

वरचा परिच्छेद अंगठ्याच्या दुखण्यामुळं आला आहे. गंभीरपणे घ्यायचा नाही.

बुधवार, १० डिसेंबर.

आकडा मोजणं बंद. विद्यार्थ्यांचे पेपर राहिले आहेत.

शुक्रवार, १२ डिसेंबर.

अश्वजित घरी आला. जिनिंगसमोरची गोष्ट त्याच्यापर्यंत गेली होती. कोणापर्यंत नाही गेली? सोबत त्याची जुनी सायकल घेऊन आला. रिम ब्रेकवाली, निळी, माझ्याच मापाची. सीट माझ्या उंचीला लावूनही आणली होती. म्हणाला, सर, रविवारी ही घेऊन चला, नवे गुटके टाकले आहेत. तुम्ही घाटात पाहिजेच.

पाहिजेच म्हणे. समजत नाही काय मला? मी त्याच्या उतरवलेल्या सायकलवर, माझी मुलगी त्याच्या नव्या चाकामागं, आणि मी त्या दोघांच्या मागं. घाटाच्या प्रत्येक वळणावर पाहत जायचं. नाही पाहवणार मले.

मी म्हटलं, पाठ दुखते. डॉक्टरनं नाही म्हटलं.

तो पाठीवर कोणतं औषध चांगलं ते सांगत बसला. कुंदानं त्याला चहा दिला, वर चिवडाही दिला. जाताना सायकल अंगणात ठेवूनच गेला. म्हणाला, रविवारपर्यंत बरं वाटलं तर.

कुंदानं मला विचारलं, पाठ कधीपासून दुखते. मी म्हटलं, आतापासून.

शनिवार, १३ डिसेंबर.

स्पृहा दोनदा खोलीत आली. पहिल्यांदा म्हणाली, बाबा, घ्या ना ती निळी सायकल. मी पाठीचं सांगितलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा दारातच उभी राहिली. म्हणाली, हळूहळू चाला, दिग्रसपर्यंत व्हॅनमध्ये बसा, फक्त घाटात उतरा. एवढा घाट तरी उतरा.

एवढा घाट तरी! तोच तर नाही उतरायचा मले.

मी जरा जोरात बोललो. म्हटलं, तुझ्यासाठी अश्वजित सर आहेत ना, मी कायले पाहिजे? ती माझ्याकडं पाहत राहिली आणि गेली. डोळ्यांत पाणी होतं का ते पाहिलं नाही. बहुधा नव्हतं.

भगवानरावांना फोन करून सांगितलं, मी व्हॅनमध्ये येतो, पाठ धरली. त्यांनी विचारलं, नक्की ना, मंग कागदावर बदल करतो. मी म्हटलं, करा. कोणता बदल ते विचारलं नाही. सायकलवाल्यांतून माझं नाव काढणार असतील.

रविवार, १४ डिसेंबर. संध्याकाळी ७. पुसदहून परत आल्यावर.

व्हॅनमध्ये पुढं बसलो होतो. मांडीवर केळी, पायाशी पाण्याचा कॅन. भगवानराव आपल्या नोकरीतल्या गोष्टी सांगत होते. रस्त्यानं कापसाच्या गाड्या, आणि त्यांच्या मधून आपले लोक ओळीनं. स्पृहा पाचवी. पाठ सरळ, कोपर सैल. कोणी शिकवलं ते लिहीत नाही.

घाटाच्या माथ्यावर सगळे थांबले. भगवानरावांनी खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, दरवर्षी तुम्हीच जोड्या वाचता, आजही तुम्हीच वाचा, चष्मा घरी राह्यला.

तीन नवे होते. दोन नावं वाचली. तिसरं स्पृहाचं. तिच्या नावासमोर "श्रीकृष्ण सर" लिहिलेलं. त्यावर एक रेघ. बाजूला दुसऱ्या शाईनं "अश्वजित".

मी भगवानरावांना हळूच विचारलं, हे माझं नाव कधी लिहिलं होतं.

"सात नोव्हेंबरले," ते म्हणाले. "मी मेसेज टाकला आन दहा मिनिटात तिचा फोन. सगळ्यात पह्यलं नाव तिचंच. तुम्हाले सांगू नका म्हणे, घाटावरच कळू द्या. अश्वजितलेही तिनं तसंच बजावून ठेवलं होतं. काल तुमची पाठ धरली, मंग मी खोडलं."

सात नोव्हेंबर. निश्चय मी आठला केला होता.

सगळे वाट पाहत होते. वाचलं. स्पृहा, अश्वजित. आवाज बरोबर निघाला, बावीस वर्षं हजेरी घेतली आहे. अश्वजित म्हणाला, सर, काळजी करू नका. मी मान हलवली. स्पृहानं हेल्मेटचा पट्टा आवळला. माझ्याकडं पाहिलं नाही.

मग उतरले. आम्ही व्हॅनमध्ये मागं. मला सगळं दिसत होतं. तो प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक मारत होता. तीही मारत होती, अगदी त्याच जागी. दुसऱ्या वळणानंतर रस्ता सरळ आणि मोकळा आहे, तिथं मी सोडून देतो नेहमी. ब्रेकवरची बोटं उचलतो आणि मागच्याला डाव्या हातानं खूण करतो, ये. तिथंही तो दाबतच राहिला. माझा डावा हात मांडीवरच्या केळ्यांवर होता, तो उचलला गेला. भगवानरावांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

खाली पोचल्यावर ती सायकल उभी करून धावत व्हॅनपाशी आली. गाल लाल, कपाळाला केस चिकटलेले, कालचं काही तोंडावर नव्हतं. खिडकीत वाकून, अश्वजितला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "लय हळू उतरवलं सरांनी, बाबा. तुम्ही असते तं मजा आली असती."

दीड महिना हेच ऐकायचं होतं मले.

मी म्हटलं, पाणी पी आधी.